बाळाची विकास तपासणी: पालकांसाठी माहिती

- योजना: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. सुरुवात फेब्रुवारी २०१३, पालघर. वयोगट जन्म ते १८ वर्षे. सेवा मोफत.
- काय पाहतात: जन्मजात व्यंग, कमतरता, आजार, विकासातील विलंब.
- पहिली पायरी: आरोग्य पथकाकडून अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणी.
- पुढची पायरी: जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे संदर्भ. तिथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा-श्रवणतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ यांच्याकडून मूल्यमापन.
- फरक: तपासणीत फक्त शंका नोंदवतात. निदान मूल्यमापनानंतरच.
- कधी दाखवावे: १८ महिन्यांचे होऊनही चालत नाही, २ वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडत नाही, येत असलेले बोलणे थांबले.
- सोबत न्या: माता-बाल संरक्षण कार्ड, जुने रिपोर्ट.