पटाची जबाबदारी मुख्याध्यापकांवर, अधिकार कुणाकडे?

महापालिकेच्या शाळेचा पट घसरला की ‘मुख्याध्यापक लक्ष देत नाहीत’ असं पुण्यात सर्रास बोललं जातं. खरी कारणं बरीचशी शाळेच्या फाटकाबाहेर आहेत. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा कायद्याने विनाअनुदानित शाळा काढणं सोपं केलं आणि वस्तीच्या तोंडाशी इंग्रजी माध्यमाच्या बस उभ्या राहू लागल्या.

‘पगार ठरलेला आहे, मग पटाची काळजी कशाला?’ हा गैरसमज तर फारच खोल रुजला आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीच्या ९१ ते १२० मुलांना चार शिक्षक आहेत, १२१ झाली की पाच. मुख्याध्यापकाचं वेगळं पद १५० च्या वर पट गेल्यावरच. शिक्षकपदांच्या संच मान्यतेसाठी ३० सप्टेंबरचा पट धरतात. त्याआधी बांधकाम मजुराचं एक कुटुंब दुसऱ्या साइटवर गेलं, तरी एक शिक्षक अतिरिक्त ठरू शकतो. म्हणून एप्रिल-मेच्या उन्हात दाखलपात्र मुलांची यादी घेऊन शिक्षक दारोदार फिरतात. ‘सेमी इंग्रजी आहे का?’ हा पालकांचा ठरलेला प्रश्न.

‘स्पर्धेने शाळा सुधारतात’ म्हणणाऱ्यांनी दोन्ही बाजूंची साधनं पाहावीत. खाजगी संस्था फी ठरवते, शिक्षक निवडते. पालिकेच्या मुख्याध्यापकांना शिक्षक सरकारी भरतीच्या पवित्र पोर्टलवरून किंवा बदलीने मिळतात. डिसेंबरात चौथीच्या वयाचं, अक्षरओळख नसलेलं मूल आलं तरी त्याला चौथीतच घ्यावं लागतं, आणि ते योग्यच आहे. वर निवडणूक आणि जनगणनेची कामं कायद्यानेच शिक्षकांच्या माथी आहेत.

देणगीदार आले की सगळं सुटेल, हाही भाबडा विश्वास. १८ सप्टेंबर २०२३ च्या दत्तक शाळा योजनेत पुण्यासारख्या महापालिकेतल्या शाळेसाठी पाच वर्षांना दोन कोटींचं मूल्य ठरलं. रोख रक्कम नाही, फक्त वस्तू आणि सेवा. बदल्यात शाळेला देणगीदाराचं नाव. यातून इमारत रंगेल, संगणक येतील. रिकामं शिक्षकपद भरणार नाही.

खाजगी शाळांची वाट बंद करणं हाही उपाय नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल, तर खाजगी विनाअनुदानित शाळांना गरीब मुलांसाठीच्या २५ टक्के राखीव प्रवेशातून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये ती रद्द केली. सूट राहिली असती, तर गरीब मुलांची निवड हिरावूनच पालिकेचा पट वाढला असता.

मुख्याध्यापकाचं पद पटाशी बांधणं आधी थांबवा. १४९ मुलांच्या शाळेलाही पूर्णवेळ मुख्याध्यापक हवाच.