मतं वाट्यानं घेऊ नका

श्रोतेहो, ‘उदारमतवादी’ आणि ‘परंपरावादी’ हे दोन शब्द आपण हल्ली फार सहज वापरतो. एसटीच्या थांब्यावर, लग्नाच्या पंगतीत, नमाजानंतरच्या गप्पांत कुणी एखादं मत मांडलं की ऐकणारा त्याला लगेच या नाहीतर त्या खणात टाकून मोकळा होतो. एकदा खण ठरला की त्या माणसाची बाकीची सगळी मतं आपल्याला न विचारताच कळली, असं आपण धरून चालतो. हे खण आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर नीट बसत नाहीत, आणि ते जबरदस्तीनं बसवायला गेलं की नुकसान आपलंच होतं. आज तेच जरा उलगडून सांगायचं आहे.

आधी शब्दांचा अर्थ पाहू. एडमंड बर्क या विचारवंतानं फ्रेंच राज्यक्रांतीवर 1790 मध्ये टीका केली. पिढ्यान्‌पिढ्या घडत आलेली व्यवस्था एका फटक्यात मोडू नका, तिच्यात अनेकांचा अनुभव साठलेला असतो, असा त्याचा मुद्दा होता. जॉन स्टुअर्ट मिल यानं 1859 मध्ये दुसरी बाजू मांडली. रूढी कितीही जुनी असो, ती एखाद्या माणसाचं स्वातंत्र्य हिरावून घेत असेल तर तिला जाब विचारलाच पाहिजे, असं तो म्हणाला. उर्दूत यांना ‘कदामतपसंद’ आणि ‘रोशनखयाल’ म्हणतात. मराठीतलं ‘जुनं ते सोनं’ पहिल्याच्या बाजूचं. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. घर बांधणाऱ्याला पायाही लागतो आणि खिडकीही लागते.

मग घोटाळा होतो कुठे? तो होतो मतांची मोळी बांधली जाते तेव्हा. अमेरिकेचं उदाहरण घ्या. तिथे एखादा माणूस हवामानबदल मानतो की नाही, एवढ्यावरून गर्भपात, बंदुका, चर्च आणि स्थलांतरित यांबद्दल त्याचं मत काय असेल, याचा अंदाज लोक सर्रास बांधतात, आणि तो बऱ्याचदा बरोबरही निघतो. पण तिथेही ही मोळी पहिल्यापासून बांधलेली नव्हती. अमेरिकेचं पर्यावरण संरक्षण खातं 1970 मध्ये उभं केलं ते रिपब्लिकन अध्यक्ष निक्सन यांनी. हवामानबदलाच्या आंतरराष्ट्रीय करारावर 1992 मध्ये सही केली तीही त्याच पक्षाच्या थोरल्या बुश यांनी. ब्रिटनमध्ये 1988 साली तापणाऱ्या पृथ्वीचा इशारा देणाऱ्या मार्गारेट थॅचर तर कट्टर परंपरावादी. पुढे त्याच रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्ष ट्रम्प यांनी पॅरिस करारातून बाहेर पडण्याचा निर्णय दोनदा जाहीर केला, 2017 मध्ये आणि 2025 मध्ये. म्हणजे विज्ञान तेच होतं, मोळी बांधणारे बदलले.

आपल्या मासळीबाजारात कोळीण वाटे मांडते. एका वाट्यात चार चांगले मासे, दोन बारके, एखादा शिळाही. घ्यायचा तर अख्खा वाटा घ्या, निवडून मिळणार नाही. राजकीय पक्ष आणि टीव्हीवरच्या चर्चा आपल्याला मतं अशीच विकतात. मासळीचं ठीक आहे, शिळा मासा मांजराला टाकता येतो. शिळं मत मात्र आपण घरात ठेवतो आणि वर त्याचं समर्थनही करत बसतो.

महाराष्ट्रात ही मोळी कधीच नीट बांधली गेली नव्हती. संमतिवयाचा कायदा 1891 मध्ये झाला. मुलीचं संमतिवय दहावरून बारा वर्षं करण्यापुरताच तो बदल. राजकारणात जहाल असलेले टिळक त्याच्या विरोधात उभे राहिले आणि राजकारणात मवाळ असलेले न्यायमूर्ती रानडे बाजूनं. त्याच्याही आधीचं उदाहरण तर आपल्या जिल्ह्यातलंच आहे. विष्णुबुवा ब्रह्मचारी, मूळचे विष्णु भिकाजी गोखले, हे तेव्हाच्या कुलाबा म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या शिरवलीचे. मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांनी 1857 मध्ये ख्रिस्ती मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालून वेदांची बाजू मांडली. म्हणजे धर्माचे कडवे अभिमानी. त्याच विष्णुबुवांनी 1867 मध्ये ‘सुखदायक राज्यप्रकरणी निबंध’ लिहिला आणि जमीन सगळ्यांची, धान्याचं कोठार सगळ्यांचं, ज्याला जेवढं लागेल तेवढं त्यानं न्यावं, अशी कल्पना मांडली. मार्क्सच्या ‘कॅपिटल’चा पहिला खंड निघाला तोही त्याच वर्षी. आता विष्णुबुवांना कोणत्या खणात ठेवणार?

सामाजिक प्रश्नाचा आपल्याकडचा सर्वांत मोठा खटला महाडच्या चवदार तळ्याचा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा सीताराम केशव ऊर्फ रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात 1923 मध्ये झाला. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्या पुढाकारानं महाड नगरपालिकेनं त्याला धरून तळं खुलं केलं, पण कागदावरच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 20 मार्च 1927 रोजी हजारो माणसांसह तिथे जाऊन पाणी प्यायलं, तेव्हा परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले आणि पंचगव्याच्या घागरी ओतून तळं ‘शुद्ध’ करण्यात आलं. नगरपालिकेनंही आपला ठराव मागे घेतला. इतर धर्माच्या माणसांना त्या तळ्याचं पाणी वर्ज्य नव्हतं, हे इथे लक्षात ठेवा.

सनातन्यांनी कोर्टात धरलेला मुद्दा आजच्या विषयासाठी महत्त्वाचा आहे. त्यांचा आधार ‘वहिवाट’ हा होता. अनादि काळापासून हे तळं फक्त स्पृश्यांच्या वहिवाटीचं आहे, असं त्यांचं म्हणणं. खटला दहा वर्षं चालला. अखेर 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयानं निकाल दिला की अशी अनादि वहिवाट सिद्धच झालेली नाही. म्हणजे परंपरेचा दावा परंपरेच्याच मापानं मोजला गेला आणि तो कमी भरला. ‘हे पूर्वापार आहे’ असं कुणी म्हणालं, तर ‘कधीपासून, आणि पुरावा काय?’ हे विचारायला आपल्याला त्या निकालानं शिकवलं. आणखी एक गोष्ट. 1927 च्या डिसेंबरात महाडला दुसरी परिषद भरवायला जागा मिळेना. ती दिली फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थानं. टिपणीस, सहस्रबुद्धे, फत्तेखान ही नावं जातीची आणि धर्माची गणितं मोडूनच त्या इतिहासात आली आहेत.

आता धर्म आणि पर्यावरण एकत्र गुंतलेला प्रश्न पाहू. पेण शहर आणि जवळची हमरापूर-जोहे ही गावं गणेशमूर्तींसाठी सगळीकडे माहीत आहेत. तिथल्या कारखान्यांतून मूर्ती मुंबईला जातात, परदेशीही जातात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं 2020 मध्ये प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. अंमलबजावणी लांबत गेली. मुंबई उच्च न्यायालयानं 2025 च्या जानेवारीत मनाई काटेकोरपणे पाळायला सांगितलं. जूनमध्ये मूर्ती बनवायला मोकळीक दिली, पण नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला नाही. जुलैत सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करण्याचं बंधन घातलं आणि त्याहून मोठ्या मूर्तींना मार्च 2026 पर्यंत सवलत दिली.

या वादात एक बाजू म्हणते, हा धर्मावर घाला आहे. दुसरी म्हणते, हे लोक मागासलेले आहेत, यांना पाण्याची फिकीर नाही. दोघांनीही मूर्तीकडे नीट पाहिलेलं नाही. प्लास्टर ही परंपरा नाही, शाडूची माती ही परंपरा. प्लास्टर आलं कारण ते हलकं, लवकर सुकतं, वाहतुकीत मोडत नाही आणि स्वस्त पडतं. म्हणजे इथे पर्यावरणवादी जुन्याकडे चला म्हणतो आणि धर्माभिमानी नव्याला धरून बसतो! आणि यात तिसरा माणूस आहे, त्याला कुणीच विचारत नाही. तो म्हणजे मूर्ती घडवणारा आणि रंगवणारा कारागीर. शाडू जड, पावसाळी हवेत सुकायला वेळ खाते, हातकाम जास्त लागतं. बदलाचा खर्च त्यानं एकट्यानं सोसायचा की समाजानं वाटून घ्यायचा, हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर ‘उदार’ किंवा ‘सनातनी’ असं असूच शकत नाही, ते हिशोबाचं आणि न्यायाचं असतं.

हवामानाचा प्रश्न तर दाराशी आला आहे. निसर्ग चक्रीवादळ 3 जून 2020 रोजी श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात धडकलं आणि दुपारभरात उभ्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून सुपारी हाती यायला सहा-सात वर्षं लागतात. नारळी-पोफळीची वाडी ही आजोबानं लावायची आणि नातवानं खायची गोष्ट. ती पडली तेव्हा कुठल्या वाडीवाल्याचं मत काय आहे, हे वाऱ्यानं विचारलं नाही.

पण हवामानाच्या प्रश्नातही सगळं सरळ नाही. अलिबाग-पेणच्या खारेपाटात भातशेती उभी आहे ती खाडीच्या बांधाच्या आधारानं. बांधाला उघाडी असते. तिच्यातून पावसाचं पाणी बाहेर जातं आणि भरतीचं पाणी आत येत नाही. हे बांध गावकरी पूर्वी मिळून सांभाळत. पुढे खारभूमीचे कायदे झाले, बांध सरकारी खात्याकडे गेले आणि अनेक ठिकाणी दुरुस्ती मागे पडली. बांधाला खांड पडली की खारं पाणी शेतात शिरतं, भात जातं आणि काही वर्षांत तिथे तिवरं उगवतात. मुंबई उच्च न्यायालयानं 2005 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये तिवरांच्या तोडीवर कडक बंदी घातली. ती गरजेचीच होती, कारण तिवरं लाटांचा जोर मोडतात, माशांची पिल्लं तिथेच वाढतात. पण ज्याच्या सातबारावर भातशेती आहे आणि डोळ्यांसमोर तिवरांचं रान आहे, त्या शेतकऱ्यानं काय करावं? त्यानं बांधाची मागणी केली तर तो पर्यावरणाचा शत्रू ठरतो. खरं तर बांध वेळेवर दुरुस्त होता, तर शेत शेताच्या जागी आणि तिवर तिवराच्या जागी राहिलं असतं. इथे जुनी सामुदायिक पद्धत आणि नवं विज्ञान एकमेकांच्या विरोधात नाहीत, त्यांची गाठ घालून देणारं कुणी नाही.

परंपरेच्या पोटात निसर्गाचं शहाणपण असतं, ते असं. मासेमारीबंदीचे सरकारी नियम येण्याआधीपासून आपले कोळी नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी लोटत नसत. तो धर्म होता आणि माशांच्या विणीला दिलेली उसंतही. पोप फ्रान्सिस यांनी 2015 मध्ये पृथ्वीच्या जपणुकीवर मोठं धर्मपत्र काढलं. त्याच वर्षी इस्तंबूलमध्ये जमलेल्या मुस्लिम अभ्यासकांनी हवामानाविषयी जाहीरनामा काढला. इस्लाममध्ये माणूस हा पृथ्वीचा मालक नसून विश्वस्त आहे, पृथ्वी त्याच्याकडे अमानत आहे. हा विचार जुना आहे की नवा?

दुसऱ्याच्या घराबद्दल एवढं बोलल्यावर माझ्या घराबद्दल बोललंच पाहिजे. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई यांनी 18 एप्रिल 1966 रोजी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. तोंडी तलाक बंद करा, ही मागणी. सातच बाया होत्या. दलवाईंना समाजानं वाळीत टाकल्यासारखं केलं आणि बाहेरच्या अनेक पुरोगाम्यांनीही अंतर राखलं. पुढे 22 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयानं एका दमात दिलेला तिहेरी तलाक तीन विरुद्ध दोन मतांनी रद्द ठरवला. त्या तिघांतले न्यायमूर्ती कुरियन जोसेफ यांचा आधार असा होता की ही प्रथा कुरआनच्या शिकवणुकीलाच धरून नाही. दलवाई नागरिकत्वाच्या बाजूनं बोलत होते, हा युक्तिवाद धर्माच्या आतून आला, पोहोचले दोन्ही एकाच ठिकाणी. मग 2019 च्या कायद्यानं अशा तलाकला तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची शिक्षा ठेवली. निकालाचं स्वागत करणाऱ्या कितीतरी जणांनी या शिक्षेला विरोध केला, कारण नवरा तुरुंगात गेल्यावर बायको-मुलांना पोसायचं कुणी? मीही त्यांतलाच. आमच्याच माणसांनी मला निकालाच्या वेळी ‘सुधारक झालास’ म्हटलं आणि कायद्याच्या वेळी दुसऱ्या बाजूचे मित्र ‘शेवटी कट्टरच’ म्हणाले. मी मत बदललं नव्हतं. दोन प्रश्न वेगळे होते, म्हणून उत्तरं वेगळी होती.

तेव्हा श्रोतेहो, पुढच्या वेळी एखाद्या प्रश्नावर बाजू घेण्याआधी तीन गोष्टी विचारून पाहा. जे जपायचं म्हणतात ते खरोखर किती जुनं आहे? जे बदलायचं म्हणतात त्याची किंमत कोण मोजणार? आणि ज्याला ती मोजायची आहे, त्याला कुणी विचारलं आहे का? महाडला तहानलेल्याला विचारलं नव्हतं, पेणला कारागिराला विचारलं नाही, खारेपाटात शेतकऱ्याला नाही आणि आमच्याकडे तलाक मिळालेल्या बाईला नाही. या तीन प्रश्नांची उत्तरं कधी तुम्हाला जुन्याच्या बाजूला नेतील, कधी नव्याच्या. नेऊ द्या. लोक तुम्हाला कोणत्या खणात टाकायचं या विचारानं गोंधळले, तर खुशाल गोंधळू द्या.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)