प्रश्नामागची चांदणी

लोकसभेच्या प्रश्नयादीत काही प्रश्नांवर एक बारीकशी चांदणी छापलेली असते. चांदणी असली की मंत्र्याला उभे राहून तोंडी उत्तर द्यावे लागते आणि वर पूरक प्रश्न झेलावे लागतात. नसली की खात्याने तयार केलेला कागद पटलावर ठेवला, मंत्री मोकळे. दिवसाला तारांकित प्रश्न वीस, अतारांकित 230. कुणाचा प्रश्न यादीत वर येणार हे सोडतीवर ठरते, म्हणजे अभ्यासू खासदारालाही आधी नशीब लागते.

आमदार-खासदार या साधनांना ‘संसदीय आयुधे’ म्हणतात. तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अर्ध्या तासाची चर्चा, औचित्याचा मुद्दा, हक्कभंग. सगळ्यांत धारदार माझ्या मते पूरक प्रश्नच. छापील उत्तर चार टेबलांवरून फिरून गुळगुळीत झालेले असते. पूरक प्रश्नाच्या वेळी मात्र मंत्र्याच्या हाताशी असते ती अधिकाऱ्यांनी बांधून दिलेली टिपणांची फाइल आणि फार तर त्यांच्याकडून लगबगीने आलेली एखादी चिठ्ठी. विचारणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक असेल तर इथे भल्याभल्यांचे पितळ उघडे पडते.

हे आयुध कसे चालवावे याचा नमुना 1957 सालचा आहे. आयुर्विमा महामंडळ जेमतेम वर्षाचे होते. त्याच्या जन्मालाही सभागृहातलेच एक भाषण कारणीभूत होते. डिसेंबर 1955 मध्ये रायबरेलीचे काँग्रेस खासदार फिरोज गांधी यांनी खासगी विमा कंपन्यांतले, विशेषतः उद्योगपती दालमियांच्या भारत इन्शुरन्समधले गैरव्यवहार मांडले. जानेवारी 1956 मध्ये सरकारने वटहुकूम काढून आयुर्विमा व्यवसाय ताब्यात घेतला. आणि जून 1957 मध्ये याच सरकारी महामंडळाने हरिदास मुंदडा या कलकत्त्याच्या सटोडियाच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर विकत घेतले. त्यात कानपूरची ब्रिटिश इंडिया कॉर्पोरेशन होती, तशी आपल्या भायखळ्याची रिचर्डसन अँड क्रुडासही होती. गुंतवणुकीसाठी महामंडळाची स्वतःची समिती होती. तिला विचारलेसुद्धा नाही.

सप्टेंबरमध्ये राम सुभग सिंग यांनी यावर प्रश्न टाकला. उत्तर गुळमुळीत आले. एखादा खासदार तिथेच थांबला असता, बरेचसे थांबतातच. नोव्हेंबरच्या अखेरीस विषय पुन्हा आला, अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांच्याकडून काही वाक्ये नोंदीवर चढली, आणि 16 डिसेंबरला फिरोज गांधी चर्चेला उभे राहिले. त्यांनी भ्रष्टाचारावर प्रवचन झोडले नाही. शेअरबाजाराचे भाव मांडले. खरेदी व्हायच्या आधीच्या काही दिवसांत हे शेअर कसे चढत गेले, विकणाऱ्याचा त्यात लाभ काय आणि विमेदाराच्या पैशाला भुर्दंड किती, असा हिशेबच त्यांनी सभागृहापुढे ठेवला. स्वतः सत्ताधारी बाकावर, सासरे पंतप्रधान. घरच्या जेवणाच्या टेबलावर पुढे काय झाले याच्या गप्पा दिल्लीत पुष्कळ चालल्या असतील. आपण त्यात पडू नये.

पुढचे मुंबईत घडले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला आणि त्यांनी सुनावणी उघड ठेवली. गर्दी एवढी की आत न मावलेल्यांसाठी ध्वनिक्षेपक लावावे लागले. केंद्राचे अर्थमंत्री, अर्थसचिव एच. एम. पटेल, महामंडळाचे वरिष्ठ अधिकारी साक्षीला आले आणि जबाबदारी एकमेकांवर ढकलू लागले. ‘मी मंजुरी दिली नव्हती’ आणि ‘साहेबांना सगळे सांगितले होते’ या सरकारी दफ्तरांत रोज ऐकू येणाऱ्या दोन वाक्यांची जुगलबंदी मुंबईकरांना जाहीरपणे ऐकायला मिळाली. छागलांनी महिन्याच्या आत काम आटोपले. सचिवाने केलेल्या कृत्याची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याचीच, हा त्यांचा निष्कर्ष. फेब्रुवारी 1958 मध्ये कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला. चौकशी आयोगांचे अहवाल वर्षानुवर्षे धूळ खातात हे पाहत आलेल्या आपल्यासारख्यांना हा वेग कथेतला वाटावा.

मात्र सुरक्षेचा विषय निघाला की याच आयुधाची धार बोथट केली जाते. गोपनीय बाबींवर प्रश्नच स्वीकारला जात नाही, आणि स्वीकारला तरी ‘माहिती देणे जनहिताचे नाही’ एवढे बोलून मंत्री बसू शकतो. सीमेवरच्या तुकड्यांची ठिकाणे कुणी सभागृहात मागू नयेत, हे मान्य. पण तेच छत्र खरेदीच्या बिलांवर आणि माणसांच्या अटकेवरही धरले जाते. 1962 च्या चीन युद्धात तोंडी प्रश्न बाजूला ठेवले गेले. जुलै 1975 च्या आणीबाणीतल्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच स्थगित केला गेला. तेव्हा युद्ध नव्हते; विरोधी नेते तुरुंगात होते.

त्यांत मधू लिमये होते. पुण्यात जन्मलेले, गोवामुक्तीसाठी पोर्तुगीज तुरुंग भोगलेले आणि बिहारच्या मुंगेर, बांका इथून लोकसभेवर गेलेले. नियमांचे पुस्तक कोळून प्यायलेला हा माणूस औचित्याचा मुद्दा घेऊन उठला की मंत्री सावध होत. तीच सवय त्यांनी कोर्टातही नेली. नोव्हेंबर 1968 मध्ये बिहारमधल्या लखीसराय स्टेशनावर त्यांना अटक झाली. त्यांनी थेट सर्वोच्च न्यायालयाला लिहिले: अटकेची कारणे मला सांगितलीच नाहीत. शांतता-सुव्यवस्थेचा बाऊ तिथे चालला नाही. घटनेच्या 22 व्या कलमाचा भंग झाला, असे म्हणून न्यायालयाने सुटका केली. 1970 मध्ये मात्र जमावबंदीच्या 144 कलमालाच त्यांनी दिलेले आव्हान फेटाळले गेले. 1976 मध्ये लोकसभेची मुदत वाढवली गेली तेव्हा, पाच वर्षांसाठी निवडलेल्याने त्यापुढे बसू नये म्हणून, त्यांनी आणि शरद यादव यांनी तुरुंगातून राजीनामे दिले.

सप्टेंबर 2020 मध्ये कोरोनामुळे तोंडी प्रश्न पुन्हा वगळले गेले. लेखी उत्तरे चालू होती, असे सांगितले गेले. खरेच होती. पण लेखी उत्तराला पूरक प्रश्न नसतो.

शिवाय सभागृहात बोललेले बाहेर पोचायलाही हवे. त्यासाठी फिरोज गांधींनी केलेले आणखी एक काम कमी लोकांना माहीत असते. सभागृहात खासदाराला संरक्षण, पण तेच शब्द छापणाऱ्या वृत्तपत्रावर खटला होऊ शकत होता. त्यांनी खासगी विधेयक आणले आणि 1956 मध्ये संसदेच्या कामकाजाच्या खऱ्याखुऱ्या वार्तांकनाला कायद्याचे कवच मिळाले. 1976 मध्ये, आणीबाणीत, त्यांच्या पत्नीच्या सरकारने तो कायदा रद्द केला. 1977 मध्ये जनता सरकारने तो परत आणला आणि पुढे 44 व्या घटनादुरुस्तीने 361-क हे कलम थेट राज्यघटनेत घातले.