पिंजरा आणायचा, पण दार कधी लावायचं?

कोथरूडमधल्या एका सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावरच्या घरात हिवाळाभर एकच वाद चालला होता: पिल्लासाठी पिंजरा घ्यायचा की नाही? पिल्लू अजून वर आलंही नव्हतं. खाली पार्किंगमध्ये, जिन्याखालच्या सांदीत ते आईजवळ आणि भावंडांजवळ होतं. नववीतल्या मुलीनं रंगावरून त्याचं नाव तांबू ठेवलं होतं. लशीचा पहिला डोस झाला होता. आठ आठवडे पूर्ण होईपर्यंत त्याला आईपासून तोडायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. विकायच्या पिल्लांच्या बाबतीत तर २०१७च्या केंद्र सरकारच्या नियमांतच ही अट आहे.

घरात मोठी माणसं तीन. मुलीचे वडील हिंजवडीला नोकरीला, आई बँकेत, आणि दिवसभर घरी असणाऱ्या आजी. पिंजऱ्याचा आग्रह वडिलांचा होता. फ्लॅटमध्ये मोबाइलच्या वायरी, बुटांचं कपाट, बाथरूममधली फिनाईलची बाटली, सगळं पिल्लाच्या तोंडाच्या उंचीवर. आजींचं म्हणणं एका वाक्याचं होतं : "मुकं जनावर आहे ते, कोंडूनच घालायचं तर आणता कशाला?" त्यांच्या माहेरी, सातारा जिल्ह्यात, कुत्रा ओट्यावर असायचा. घरात यायचा नाही, आणि त्याला कुणी कोंडायचंही नाही.

सून मधे पडली. "आई, आपल्याकडे ओटा कुठाय?"

पिंजऱ्याची सवय लावायची पद्धत आपल्याकडे आली ती अमेरिकेतून. तिथं आणि इतरत्र ती लोकप्रिय करणाऱ्यांत इयन डनबार या पशुवैद्यकाचं नाव ठळक आहे. पद्धतीमागची कल्पना सोपी आहे. पिल्लू झोपायच्या जागी शी-शू करायचं टाळतं. तेव्हा लक्ष ठेवायला कुणी मोकळं नसेल, तेवढा वेळ त्याला बेताच्या जागेत ठेवायचं, बाहेर काढलं की थेट ठरलेल्या जागी न्यायचं, तिथं शू केली की लगेच खाऊ द्यायचा. चुकायची संधीच कमी मिळाली, तर बरोबर जागेची सवय लवकर लागते.

याच्या जोडीला एक वाक्य हमखास ऐकवलं जातं : कुत्रा मुळात बिळात राहणारा प्राणी आहे, पिंजरा त्याला आवडतोच. यातलं अर्धंच खरं आहे. लांडग्याची मादी पिल्लं घालण्यासाठी बीळ धरते. पिल्लं तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला बाहेर डोकावू लागतात आणि आठ-दहा आठवड्यांची झाली की बीळ सुटतं. मोठे लांडगे बिळात राहत नाहीत. आपल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांचंही तसंच आहे. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा कुत्र्यांच्या विण्याच्या जागा अभ्यासल्या, तेव्हा माद्या माणसांच्या वस्तीलगतच्या जागा पसंत करतात असं दिसलं. तांबूच्या आईनंही वॉचमनच्या केबिनपासून चार पावलांवरची सांद निवडली होती. आडोसा पिल्लाला हवासा वाटतो, हे त्या सांदीत रोज दिसत होतं. मात्र सांदीला कडी नव्हती. पिल्लू हवं तेव्हा आत जात होतं, हवं तेव्हा बाहेर येत होतं. आडोसा आणि बंद दार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि यातली दुसरी पिल्लाला शिकवावी लागते.

घरच्यांनी बोलावलेले कुत्र्यांचे प्रशिक्षक आले तेव्हा पिंजऱ्याबद्दल बोलण्याआधी त्यांनी घरातल्या प्रत्येकाचं वेळापत्रक विचारलं. कोण किती वाजता निघतं, किती वाजता परततं, दुपारी कोण जागं असतं. मग त्यांनी एक ठोकताळा सांगितला. पिल्लाचं वय जितके महिने, त्यात एक मिळवायचा. जास्तीत जास्त तितके तास ते दिवसा शू धरू शकतं. दोन महिन्यांचं पिल्लू फार तर तीन तास. तेही झोपेत असेल तर. जागं असताना, खाल्ल्यावर, खेळल्यावर, झोपेतून उठल्यावर त्याला लगेच न्यावं लागतं. बँक आणि हिंजवडी मिळून हे दोघं सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंत बाहेर. दहा तास.

सगळा निर्णय खरं तर या हिशेबात आहे. पिंजरा विकत घेणाऱ्या बहुतेक घरांना तो हवा असतो तो घरात कुणी नसतानाच्या वेळेसाठी, आणि लहान पिल्लाच्या बाबतीत नेमका तिथंच तो कामाचा नसतो. तीन तासांनंतर कोंडलेल्या पिल्लाला अंथरुणातच शू करावी लागते. हे वरचेवर झालं की झोपायची जागा स्वच्छ ठेवायची त्याची ओढ मोडते, आणि ज्या स्वभावावर ही पद्धत उभी आहे तोच संपतो. विक्रीसाठी जाळीच्या खोक्यांत वाढवलेल्या पिल्लांना घरातली शिस्त लावणं अवघड जातं, त्याचं एक कारण हेच. पिंजरा उपयोगी पडतो तो घरात माणूस असताना : स्वयंपाक चालू आहे, मुलीचा क्लास चालू आहे, कुणाला अर्धा तास डोळा लावायचाय, अशा वेळी.

मग आजी आहेतच की घरात, असं वडिलांनी सुचवलं. पण आजींचे गुडघे दुखतात. वाकून कडी काढणं आणि झोपेतून उठलेल्या पिल्लाला उचलून ड्राय बाल्कनीपर्यंत नेणं त्यांच्याच्यानं दिवसातून सहा वेळा होणार नव्हतं. त्यामुळे दिवसासाठी दुसरी सोय ठरली. स्वयंपाकघर आणि ड्राय बाल्कनी यांच्यामधल्या पट्ट्याला लहान मुलांसाठी मिळतं तसलं फाटक बसवायचं. एका टोकाला पिंजरा, दार उघडं. पाण्याचं भांडं, चावायची खेळणी. दुसऱ्या टोकाला रद्दीचे कागद. डनबारही जास्त वेळ एकटं ठेवायचं असेल तर अशीच मोठी जागा सुचवतात. बंद पिंजरा त्यांच्या मते थोड्या वेळापुरता. आजींना फक्त फाटकापलीकडून बोलायचं होतं, आणि ते काम त्यांनी मनापासून पत्करलं. सुनेनं दुपारी जेवणाच्या सुट्टीत घरी यायचं ठरवलं. बँकेची शाखा कर्वे रस्त्यावरच आहे.

दुकानात मापाचा प्रश्न निघाला. पिल्लाला उभं राहता, गर्रकन वळता आणि पाय ताणून झोपता यायला हवं. यापेक्षा फार मोठा पिंजरा असला की पिल्लू एका कोपऱ्यात झोपतं आणि दुसऱ्यात शू करतं. गावठी कुत्रा मोठेपणी पंधरा-वीस किलोंचा होतो, म्हणून मोठ्या कुत्र्याच्या मापाचा आणि मधे सरकती जाळी असलेला पिंजरा घेतला. तारेचा, घडी होणारा. प्लॅस्टिकचा प्रवासाला बरा, पण पुण्याच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात वारा खेळता हवा. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, मुख्यतः धापा टाकून ते अंग थंड करतं. त्यामुळे दुकानदारानं दाखवलेलं जाड कापडी आच्छादन त्यांनी परत ठेवलं.

तांबू वर आला त्या दिवशी पिंजऱ्याचं दार सुतळीनं मागे बांधून ठेवलं होतं. आत आजींच्या जुन्या लुगड्यांची गोधडी. मुलीनं उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा दाराच्या आत, अगदी कडेला ठेवला. तांबूनं मान लांब केली, तुकडा उचलला आणि मागे सरकला. दुसरा तुकडा जरा आत. आता पुढचे दोन पाय आत, मागचे दोन फरशीला खिळल्यासारखे बाहेर. तिसऱ्या वेळी पंजा गोधडीवरून सरकून खालच्या प्लॅस्टिकच्या ट्रेवर पडला, ट्रे कडकड वाजला, आणि पिल्लू एका उडीत सोफ्याखाली गेलं. मुलगी त्याला ओढायला निघाली, तेव्हा प्रशिक्षकांनी हातानंच थांबवलं. ट्रेखाली रबरी चटई घातली, आवाज बंद झाला. थोड्या वेळानं पिल्लू आपणहून आलं. त्याला ढकललं नाही, उचलून आत ठेवलं नाही. त्या दिवशी दाराला कुणी हातही लावला नाही.

पुढचे दिवस जेवणाची थाळी आतच. मग जेवता जेवता दार नुसतं लोटायचं, थाळी चाटून संपायच्या आत उघडायचं. मग कडी, क्षणभर. मग कडी लावून शेजारीच बसायचं, मग उठून स्वयंपाकाच्या ओट्यापर्यंत जाऊन परत यायचं. पिल्लानं कुरकुर करायच्या आधी दार उघडलं पाहिजे, यावर प्रशिक्षकांचा कटाक्ष होता. कुरकुर झाली तर वेळ जास्त झाला असं समजायचं आणि पुढच्या खेपेला कमी करायचा. ‘रडू दे, रडून रडून गप्प होईल’ हा सल्ला सोसायटीत दोघा-तिघांनी दिला होता. तो कुणी मानला नाही. एकटं कोंडलेलं पिल्लू गप्प होतं तेव्हा ते शिकलेलं असतं असं नाही, थकलेलंही असू शकतं.

रात्री पिंजरा पलंगाला लागून. पहिल्या रात्री वडिलांनी बोटं जाळीतून आत सोडली होती. मधेच चुळबुळ सुरू झाली की दिवा न लावता उचलायचं, बाल्कनीत कागदावर ठेवायचं, शू झाली की परत आत. खेळ नाही, गप्पा नाहीत. आत ठेवताना गळ्यातला पट्टा काढायचा, कारण पट्टा तारेत अडकून गळफास बसू शकतो.

कामाला येणाऱ्या मावशींची एक सवय मात्र बदलावी लागली. फरशीवर शू झाली की त्या फिनाईल ओतायच्या. फिनाईलनं माणसाच्या नाकाला वास येईनासा होतो, पिल्लाच्या नाकाला जुन्या जागेचा माग लागतोच, आणि पंजावरून चाटलं गेलं तर ते विषारी. आता आधी कागदानं टिपून घेऊन एन्झाइम असलेलं क्लीनर वापरतात.

आजींची मूळ हरकत यात बाजूला पडली असं नाही. स्वीडनमध्ये घरी कुत्र्याला पिंजऱ्यात बंद ठेवायला कायद्यानं मनाई आहे, प्रवास किंवा स्पर्धेसारखे अपवाद सोडून. दिवसा दर सहा तासांनी त्याला बाहेर नेणंही तिथं बंधनकारक आहे. फिनलंडचे नियमही याच वळणाचे. आपल्याकडे १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं ११वं कलम पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात प्राणी ठेवणं हा गुन्हा मानतं, आणि सतत साखळीला किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवायची हयगय करणंही. हे समजल्यावर आजींनी सुनेला दोनदा वाचून दाखवायला लावलं.

त्यांचं मत थोडं वळलं ते डॉक्टरांच्या बोलण्यानं. पाय मोडला, शस्त्रक्रिया झाली, सलाइन लावून दवाखान्यात राहावं लागलं, की प्रत्येक कुत्र्याला पिंजऱ्यात राहावं लागतं. रेल्वेनं न्यायचं झालं आणि फर्स्ट एसीचा कूपे मिळाला नाही, तर ब्रेक व्हॅनमधली पेटी असते. ज्याची बंद दाराशी पहिली ओळख अशा दुखण्यात किंवा गडगडाटात होते, त्याची दशा वाईट होते. काही कुत्री कितीही हळू शिकवलं तरी घाबरतात, लाळ गाळतात, तारा चावून दात मोडून घेतात. तिथं पिंजऱ्याचा नाद सोडायचा. तांबूचं तसं झालं नाही.

राहिला प्रश्न वेळेचा. पिल्लू जगाशी सैल मनानं ओळख करून घेतं ते साधारण तिसऱ्या ते बारा-चौदाव्या आठवड्यापर्यंत. स्कॉट आणि फुलर यांनी अमेरिकेतल्या बार हार्बर इथं वर्षानुवर्षं पिल्लं वाढवून हे पाहिलं, आणि १९६५च्या पुस्तकात मांडलं. याच काळात पार्व्हो या आजारावरची लसही अजून पूर्ण झालेली नसते, म्हणून खाली जमिनीवर सोडता येत नाही. पिंजऱ्यात जाणारा प्रत्येक जादा तास याच आठवड्यांतून वजा होतो. म्हणून रोज संध्याकाळी मुलगी तांबूला कडेवर घेऊन सोसायटीच्या फाटकापर्यंत जाते. बस, भाजीची गाडी, हेल्मेट घातलेला माणूस, लिफ्टची घंटा. घरात कुकरची शिट्टी आहेच.

सोळाव्या आठवड्यातला शेवटचा डोस झाला की रद्दीची सवय सोडवून मातीची लावायची आहे. त्यानंतर, डॉक्टर सांगतील त्या महिन्यात, नसबंदी. टाके सुकेपर्यंत उड्या मारू द्यायच्या नाहीत, म्हणजे दीडेक आठवडा दार बऱ्याच वेळा लावावं लागणार. त्यासाठी रोज दुपारी, सून जेवायला घरी आली की, थोडा वेळ कडी लावून सराव चालतो. कडी लावायची वेळ आणि काढायची वेळ फ्रीजवरच्या कागदावर लिहून ठेवायचं काम आजींकडे आहे.