सीमेवरचा खानदेश आणि पाण्याचा ताळेबंद

गेल्या उन्हाळ्यात युरोपात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या माझ्या भाचीचा दूरध्वनी आला. 'सीमाप्रदेश आणि शाश्वत समाज' या विषयावरील दोन आठवड्यांच्या आंतरराष्ट्रीय उन्हाळी अभ्यासवर्गात तिला प्रवेश मिळाला होता. निरनिराळ्या देशांतून आलेल्या विद्यार्थ्यांनी आपापल्या भागातील सीमेविषयी एक टिपण सादर करावे, अशी अट होती. ती म्हणाली, "मामा, बाकीच्यांच्या देशांच्या सीमा आहेत, तारेची कुंपणे आहेत. आपण जळगावचे. आपल्याला कुठली आली सीमा? मी लिहू तरी काय?"

प्रश्न ऐकून मला प्रथम हसू आले. नंतर मात्र दोन दिवस तो मनातून जाईना. छत्तीस वर्षांच्या बँकेच्या नोकरीतील मोठा काळ मी ज्या सीमेवर काढला, तिचा उल्लेख मी घरी कधी केलाच नव्हता. तिला जे उत्तर लिहून पाठविले, तेच थोडे विस्ताराने वाचकांपुढे ठेवीत आहे.

राजधानी एका राज्यात, मुलूख दुसऱ्या राज्यात

भुसावळहून खंडव्याकडे जाणारी गाडी रावेर सोडते आणि थोड्याच वेळात बुऱ्हाणपूर येते. फारुकी सुलतानांच्या काळी हे शहर खानदेशाची राजधानी होते. इ. स. १६०१ मध्ये अकबराने असिरगड घेतला आणि ते राज्य संपले. आज बुऱ्हाणपूर आणि असिरगड मध्य प्रदेशात आहेत, खानदेश महाराष्ट्रात आहे. इंग्रजांनी १९०६ साली खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे केले. १९६० साली महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये वेगळी झाली, तेव्हा पश्चिम खानदेशातील नवापूर, नंदुरबार, तळोदा आणि अक्कलकुवा या तालुक्यांतील कित्येक गावे गुजरातकडे गेली. पुढे १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा झाला. म्हणजे माणसे होती तेथेच राहिली, फिरल्या त्या रेषा.

नवापूरच्या रेल्वे स्थानकातून तर ही रेषा फलाटावरूनच जाते. एका बाकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये आहे. प्रवासी त्यावर बसून छायाचित्रे काढतात. आपल्या समाजातील अनेक कुटुंबांचे जीवनही या बाकासारखेच आहे. दुकान शिरपूरला आणि मुलगी सेंधव्याला दिलेली. पेढी नवापूरला आणि मामाचे घर सोनगडला. घरात मारवाडी किंवा गुजराती, गल्ल्यावर मराठी, गिऱ्हाइकाशी अहिराणी आणि सातपुड्यातून उतरलेल्या माणसाशी मोडकीतोडकी पावरी, अशी चार भाषांची ये-जा आमच्या पिढीला नवी वाटली नाही. हे वैभव आहे, असे मात्र कोणी सांगितले नाही.

सेवाक्षेत्राबाहेरचा बांध

माझ्या नोकरीची सात वर्षे सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका ग्रामीण शाखेत गेली. एप्रिल १९८९ पासून रिझर्व्ह बँकेने सेवाक्षेत्र पद्धत लागू केली होती. प्रत्येक गाव एका शाखेला नेमून दिलेले असे आणि त्या गावाचे शेतीकर्ज त्याच शाखेने द्यावयाचे. आमच्या शाखेचे क्षेत्र राज्याच्या सीमेवर संपत होते.

एके दिवशी एक प्रौढ शेतकरी माझ्यासमोर येऊन बसले. घर व विहीर महाराष्ट्रात, पत्नीच्या माहेरकडून आलेली जमीन पलीकडे मध्य प्रदेशात. इकडे तलाठी आणि सातबारा, तिकडे पटवारी आणि खसरा. त्यांनी पिशवीतून तिकडची ऋणपुस्तिका काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "साहेब, मधी फक्त एक बांध शे." मी ती पुस्तिका उलटून पाहिली आणि आदराने परत केली. नियम माझ्या बाजूने होता. ते मुकाट्याने उठले. त्या वर्षी त्यांनी खासगी सावकाराकडून रक्कम घेतल्याचे मला पुढे कळले. व्याजाचा दर मी विचारला नाही.

तथापि माझ्या मनाला अधिक बोचते ते नाकारलेले कर्ज नव्हे. मंजूर केलेली कर्जे अधिक बोचतात. रावेर-यावलचा हा पट्टा केळीचा. पूर्वी विहिरीत चार-पाच परसांवर पाणी दिसे. पाणी खाली गेले, तशी आम्ही विहीर खोल करण्यास कर्जे दिली. मग आडव्या बोअरना दिली, मग कूपनलिकांना, मग पाणबुडी मोटारींना. प्रत्येक प्रस्तावाबरोबर उत्पन्नाचा तक्ता असे, तारण असे आणि परतफेडही बहुधा वेळेवर होई. वरिष्ठांनी शाखेच्या वसुलीचे कौतुक केले. एम.कॉम.ला मी ताळेबंद शिकलो होतो. परंतु ज्या मालमत्तेवर हे सारे उभे होते, त्या जमिनीखालच्या पाण्यासाठी आमच्या तक्त्यात रकानाच नव्हता. व्याज म्हणून आम्ही जे वसूल करीत होतो, त्यात मुद्दल खर्ची पडत होते. पुढे या भागाची गणना भूजलाचा अतिउपसा झालेल्या क्षेत्रांत होऊ लागली. त्या फाइलींवर सह्या माझ्या आहेत.

पाणी कोणत्या राज्याचे?

तापी मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातील मुलताई येथे उगम पावते आणि सुमारे ७२४ किलोमीटरचा प्रवास करून सुरतजवळ अरबी समुद्राला मिळते. तीन राज्ये तिच्या काठी आहेत. जळगाव जिल्ह्यात तिच्यावर हतनूर धरण आहे, तर गुजरातमध्ये उकाईचे विशाल जलाशय. वर पाऊस पडला की हतनूरचे दरवाजे उघडावे लागतात आणि खाली सुरत सावध होते.

जमिनीखालचे पाणी मात्र डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याची सीमाही कोणाला दिसत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा आणि जाड वाळूचा एक पट्टा आहे. भूवैज्ञानिक त्याला बझाडा म्हणतात. डोंगरावरून येणारे पाणी या पट्ट्यात झपाट्याने मुरते आणि तेथून तापीकाठच्या खोल गाळात उतरते. हा पट्टा जसा जळगाव जिल्ह्यात आहे, तसा बुऱ्हाणपूरकडेही आहे. महाराष्ट्राचा २००९ चा भूजल कायदा राज्याच्या सीमेवर थांबतो. पाणी थांबत नाही.

हे ज्ञान आपल्याला नवे आहे असेही नाही. बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा सतराव्या शतकाच्या आरंभी, खानखाना अब्दुल रहीम यांच्या काळात बांधला गेला. सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून, रांगेने खोदलेल्या कुंड्यांच्या साह्याने, केवळ उतारावर शहरात आणले होते. डोंगर जेवढे देईल तेवढेच घ्यावे, हे त्या रचनेतच बसविलेले होते. मोटारीला अशी मर्यादा ठाऊक नसते.

१० मे २०२५ रोजी भोपाळ येथे महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांच्या मुख्यमंत्र्यांनी तापी खोरे महाकाय पुनर्भरण योजनेच्या करारावर सह्या केल्या. तापीचे पाणी कालव्यांनी बझाडा पट्ट्यात नेऊन जमिनीत मुरविणे, हा तिचा गाभा आहे. अनेक वर्षे चर्चेत असलेली ही योजना दोन्ही राज्यांच्या संमतीवाचून पुढे सरकणे शक्यच नव्हते. योजना पूर्ण होईल तेव्हा होईल. परंतु पाण्याचे खाते दोन राज्यांचे संयुक्त आहे, हे तरी कागदावर मान्य झाले.

युरोपातील दोन धडे

भाचीने तिच्या अभ्यासवर्गातील दोन उदाहरणे मला सांगितली. पहिले ऱ्हाइन नदीचे. १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वित्झर्लंडमध्ये बाझेल शहराजवळ रसायनांच्या गोदामाला आग लागली. विझविण्याच्या पाण्याबरोबर विषारी द्रव्ये नदीत गेली आणि फ्रान्स, जर्मनी, नेदरलँड्स अशा देशांत त्याचे परिणाम दिसले. मासे मेले, काठच्या गावांचा पाणीपुरवठा बंद करावा लागला. या देशांचा संयुक्त आयोग १९५० पासून होता. त्या आगीनंतर १९८७ मध्ये त्यांनी कृतिकार्यक्रम हाती घेतला आणि नदी पुष्कळशी सुधारली.

दुसरे उदाहरण गोरिझियाचे. १९४७ च्या तहाने इटली व युगोस्लाव्हिया यांच्यातील सीमा या शहराच्या कडेने आखली गेली. पलीकडे नोव्हा गोरिका हे नवे शहर वसविले गेले. रेल्वे स्थानकासमोरच्या चौकातील कुंपण २००४ साली निघाले आणि २०२५ मध्ये ही दोन्ही शहरे मिळून युरोपची सांस्कृतिक राजधानी ठरली. जे युद्धानंतर परस्परांकडे संशयाने पाहत होते त्यांना हे जमले, तर एकाच देशातील दोन जिल्ह्यांना विहिरींच्या मोजमापाची एक वही ठेवणे जमू नये, याचे मला आश्चर्य वाटते.

धुळे जिल्ह्यातील पाठशाळा

तिला मी सुचविले की, आपल्याकडचे उदाहरण म्हणून बारीपाड्याविषयी लिही. साक्री तालुक्यातील, गुजरात सीमेजवळचे हे आदिवासी गाव. नव्वदीच्या दशकारंभी तेथील जंगल उजाड झाले होते आणि स्त्रियांना पाण्यासाठी वणवण करावी लागे. श्री. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने ग्रामस्थांनी कुऱ्हाडबंदी व चराईबंदी केली, नियम मोडणाऱ्यास दंड ठरविला, दगडी बांध घातले आणि सुमारे अकराशे एकर जंगल राखले. जंगलाबरोबर पाणी परतले. २००३ साली त्यांना बँकॉक येथे आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीचा पुरस्कार मिळाला. २०२५ मध्ये चैत्रामभाऊंना पद्मश्री जाहीर झाली. तेथील वनभाज्यांच्या पाककला स्पर्धेला दूरदूरचे लोक येतात. चैत्रामभाऊही वाणिज्य शाखेचे पदव्युत्तर पदवीधर आहेत, हे वाचून मी क्षणभर थांबलो. एकच विद्या घेऊन त्यांनी मुद्दल वाढविले आणि मी व्याज मोजले.

शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक श्री. सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले रुंद व खोल करून ओळीने सिमेंटचे बंधारे बांधले गेले. तो प्रयोग 'शिरपूर पॅटर्न' म्हणून गाजला. त्यावर काही भूजलतज्ज्ञांनी आक्षेपही घेतले आहेत आणि प्रत्येक भूस्तराला तो लागू पडेल असे नाही. विद्यार्थ्याने दोन्ही बाजू पाहाव्यात, यासाठीही ते ठिकाण उत्तम आहे.

जळगावात स्व. भवरलालजी जैन यांनी ठिबक सिंचन शेतकऱ्यांच्या बांधापर्यंत नेले. केळीच्या प्रत्येक झाडाचे पाणी त्यामुळे वाचले, हे मी कर्जप्रकरणांतून स्वतः पाहिले आहे. दोष तंत्राचा नव्हता, आमचा होता. वाचलेल्या पाण्यावर आम्ही आणखी झाडे लावली. थेंब वाचला, पण तहान वाढली.

आखून घेतलेली सीमा

येथे आपल्या परंपरेतील एक गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. श्रावकाच्या व्रतांत दिग्व्रत आहे. अमुक दिशेला अमुक अंतरापलीकडे आपला व्यवहार नेणार नाही, अशी मर्यादा माणूस स्वतःच स्वतःला घालून घेतो. परिग्रह-परिमाण व्रतात तर संग्रहाची सीमा हाती पैसा येण्याआधीच ठरवायची असते. राज्याची सीमा दुसऱ्याला अडविते. व्रताची सीमा आपल्याला अडविते. आपल्या घरांत पाणी गाळून घेण्याची रीत अजून आहे. गाळताना आपण सूक्ष्म जीवांचा विचार करतो. तेच पाणी उपसताना शेजारच्या विहिरीचा विचार करणे, हे त्या आचाराचेच पुढचे पाऊल मानावे, असे मला नम्रपणे वाटते.

असा एखादा उन्हाळी अभ्यासवर्ग खानदेशातच का भरू नये? जळगावात १९९० साली स्थापन झालेले, आज कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव धारण करणारे विद्यापीठ आहे. २०१२ मध्ये उघडलेले गांधीतीर्थ आहे. धुळ्यात १९२७ पासूनचे राजवाडे संशोधन मंडळ आहे. १९३६ मध्ये ग्रामीण भागातील पहिले काँग्रेस अधिवेशन ज्या फैजपूरला भरले, ते याच केळीच्या पट्ट्यात आहे. दोन दिवस बुऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्यावर, दोन रावेरच्या विहिरींवर, दोन शिरपूरच्या नाल्यांत, दोन बारीपाड्याच्या जंगलात आणि अखेरचा दिवस नवापूरच्या त्या बाकावर. तिन्ही राज्यांतील मुलांनी एकत्र फिरावे आणि परदेशी मुलांनाही बोलवावे.

तोवर एक लहान काम आपल्या हाती आहे. ज्यांच्या शेतात विहीर आहे, त्यांनी वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात, पाण्याची पातळी मोजून वहीत लिहावी. सीमेपलीकडील नातेवाइकांनाही तशी वही ठेवावयास सांगावे आणि दिवाळीत भेटल्यावर दोन्ही वह्या शेजारी ठेवून पाहाव्यात. खर्च दोरी आणि पेन्सिलीचा.

भाचीने टिपण सादर केले. तिच्या गटात नेदरलँड्सचा एक विद्यार्थी होता, त्याने विचारले, "त्या शेतकऱ्याच्या विहिरीला आता किती पाणी आहे?" तिने तो प्रश्न मला कळविला. मला उत्तर ठाऊक नव्हते. येत्या मे महिन्यात मी त्या गावी जाणार आहे. ते गृहस्थ असतील तर त्यांची, नसतील तर त्यांच्या मुलांची परवानगी घेऊन, त्या विहिरीत दोरी मी स्वतः सोडणार आहे.