चष्म्यासाठी फॉर्म, पण फॉर्म वाचायला चष्मा कुठाय?

मुंब्रा-कौसा असो, ठाण्यातले राबोडी असो की कल्याण-डोंबिवली, ऐकू कमी येणारे, नजर कमजोर झालेले, गुडघे साथ न देणारे बुजुर्ग आपल्या प्रत्येक इमारतीत आहेत. त्यांच्यासाठी कानाचे मशीन, वॉकर, तीन पायांची काठी या वस्तू आहेत, सरकारी योजनाही आहेत. पण आता ही माहिती मोबाईलवर येते आणि नेमका मोबाईलच त्यांना जमत नाही. ही अडचण कुठे आहे आणि ती कशी सुटू शकते, ते आपण समजून घेऊ.

आधी योजना पाहू. राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना मंजूर केली. ६५ वर्षे पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना त्यात एकदाच ३,००० रुपये आधारशी जोडलेल्या खात्यात मिळतात. त्यातून चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, कमोड खुर्ची, कमरेचा पट्टा अशा वस्तू घेता येतात. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे. तिच्यात वस्तूच शिबिरातून मोफत देतात. कान तपासायचे असतील तर वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था १९८३ पासून आहे. दादरला गाडी बदलून आपल्याकडून तिथे जाता येते.

आता अडचण. ज्याला चष्मा हवा, त्याने आधी बारीक अक्षरांचा फॉर्म वाचायचा. ज्याला कानाचे मशीन हवे, त्याने फोनवरचे बोलणे ऐकायचे. ज्याचे हात थरथरतात, त्याने ओटीपीची वेळ संपायच्या आत सहा आकडे दाबायचे. म्हणजे ज्या कमजोरीसाठी मदत हवी, तीच कमजोरी मदतीच्या वाटेत उभी राहते. मग चाचा किंवा खाला शेजारच्या मुलाच्या हातात फोन देतात, सोबत आधार क्रमांक आणि ओटीपीही. फसवणुकीला जागा मिळते ती इथेच.

भाषेचाही प्रश्न आहे. कल्याण-भिवंडीतले जुने कोकणी मुस्लिम घरात कोकणी बोलतात. १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतून मुंब्र्यात आलेल्या अनेकांची बोली वेगळी. कित्येक बुजुर्ग वाचतात उर्दू, तेही पुस्तकातल्या नस्तालीक वळणाची. अनेक मोबाईलवर उर्दू दिसते नस्ख वळणात, ते वाचताना त्यांची नजर अडखळते. मराठी त्यांना ऐकून समजते, पण देवनागरी वाचणे जड जाते. म्हणून नुसते भाषांतर पुरत नाही. अमेरिकेत लॅटिनो बुजुर्गांसाठी माहिती तयार करतानाही हाच मुद्दा येतो. स्पॅनिश मजकूर दिला म्हणजे काम संपले असे नसते.

मग साधन कसे असावे? वेबसाईटसाठी जगभर मानले जाणारे काही नियम आहेत. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ : १ एवढा फरक हवा. अक्षरे दुप्पट मोठी केली तरी पान मोडता कामा नये. त्यात आपल्या अनुभवाची भर घालू: एका पडद्यावर एकच प्रश्न, मोठे बटण, वस्तूचा खरा फोटो आणि प्रत्येक ओळ ऐकण्याची सोय. ‘श्रवणयंत्र’ ऐवजी ‘कानाचे मशीन’ म्हटले की लगेच कळते. आवाज सावकाश आणि आपल्या बोलीतला असावा. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी तेच मोठ्या अक्षरांत लिहिलेले असावे. आणि शेवटी माणसाशी बोलता येईल असा एक नंबर हवाच. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाईन मोफत आहे.

ही मेहेरबानी नाही, हक्क आहे. ॲसिड हल्ल्यातील पीडित आणि दृष्टिहीन व्यक्तींच्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी सांगितले की डिजिटल सेवा वापरता येणे हा कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

सरकारी वेबसाईट सुधारेपर्यंत आपण हातावर हात ठेवून बसायचे का? नाही. आम्ही शिक्षक मंडळी, मोहल्ल्यातल्या संस्था आणि नववी-दहावीची मुले मिळून एवढे करू शकतो: एका योजनेवर दोन मिनिटांचा व्हॉईस मेसेज उर्दूत, एक मराठीत, एक कोकणीत. पाठवण्याआधी तो चार बुजुर्गांना ऐकवायचा आणि विचारायचे, “काय कळलं? आता तुम्ही काय कराल?” त्यांना सांगता आले नाही तर दोष त्यांचा नाही, मेसेज बदलायचा. फोन मात्र त्यांच्याच हातात राहू द्यायचा. मुलांनी बोटाने दाखवावे, दाबावे त्यांनीच. जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर एक टेबल लावले आणि बायकांसाठी शाळेच्या एखाद्या वर्गात वेगळी बैठक घेतली, तरी सुरुवात होईल.

ज्यांनी आपल्याला बोट धरून चालायला शिकवले, त्यांना काठी मिळवण्यासाठी कुणापुढे हात पसरावा लागू नये, एवढे तर आपण करूच शकतो.