लग्नाची जुनी कॅसेट लावताय? आधी व्हीसीआर साफ करा

पुणे : ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट अनेक घरांत अजून माळ्यावर नाहीतर ट्रंकेत पडून आहे. त्या लग्नातली कितीतरी माणसं आता राहिली नाहीत. त्यांचं चालणं, बोलणं, हसणं फक्त त्या रिळात उरलंय. म्हणून कुणाचा तरी जुना व्हीसीआर आणायचा, धूळ झटकायची आणि थेट कॅसेट लावायची, असं होतं. मशीन मग रीळ ओढून आत गुंडाळून टाकतं. चुरगळलेलं रीळ पहिल्यासारखं होत नाही आणि दुसरी प्रत बहुतेकांकडे नसते.

जेव्हीसी कंपनीने १९७६ मध्ये व्हीएचएस पद्धत आणली. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. तेव्हापासून नवीन मशीन नाही. आहे तेच जपून वापरायचं आहे.

आत काय चालतं?

कॅसेट आत गेली की मशीन अर्धा इंच रुंदीचं रीळ बाहेर ओढतं आणि एका चकचकीत गोल ड्रमभोवती गुंडाळतं. आपल्याकडच्या पाल पद्धतीत हा ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेतो. ड्रमच्या कडेला बारीक हेड असतात, तेच चित्र वाचतात. हेडची फट डोळ्यांना दिसत नाही इतकी लहान असते. फवारणी पंपाचं नोझल कचऱ्याने चोंदावं तशी ती रिळाच्या पावडरीने चोंदते आणि पडद्यावर मुंग्या येतात.

रीळ पुढे ओढायचं काम कॅपस्टन ही बारीक लोखंडी दांडी आणि तिला टेकणारा रबरी पिंच रोलर करतात. रबर कडक किंवा गुळगुळीत झालं की रीळ तिरकं जातं आणि अडकतं.

आधी कॅसेट तपासा

कॅसेटच्या खिडकीतून उजेडात बघा. रिळाच्या गुंडाळीवर पांढरी पावडर किंवा जाळी दिसली तर ती बुरशी. मुळशी, मावळ, भोरसारख्या जास्त पावसाच्या भागात ही शक्यता जास्त. अशी कॅसेट मशीनमध्ये घालू नका. बुरशी हेडला लागते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटपर्यंत पोचते. ती वेगळ्या पिशवीत ठेवा. उन्हात वाळवू नका, घरी रीळ उलगडून पुसू नका. बुरशी साफ करणाऱ्या जाणकाराकडेच द्या.

कॅसेट चांगली असेल तर मागच्या कडेची प्लास्टिकची छोटी पट्टी मोडलेली आहे का बघा. नसेल तर मोडून टाका. मग चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी लग्न पुसलं जात नाही.

साफ कसं करायचं?

प्लग काढा आणि किमान तासभर थांबा. वरचं झाकण उघडल्यावर वीजपुरवठ्याच्या भागाला हात लावू नका, तिथल्या कपॅसिटरमध्ये बंद मशीनमध्येही करंट राहू शकतो. खात्री नसेल तर हे काम मेकॅनिकलाच द्या.

साफसफाईला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं. मोबाईल दुरुस्तीवाले ते वापरतात. पुण्यात बुधवार पेठेतल्या पासोड्या विठोबा आणि तपकीर गल्ली परिसरातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारावं.

• मऊ चामड्याचा तुकडा अल्कोहोलने ओला करून ड्रमला आडवा, अलगद टेकवा. तो हात स्थिर ठेवा आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरच्या बाजूने धरून सावकाश फिरवा. वर-खाली कधीच घासू नका, हेड तुटतं.
• ड्रमला कापसाची काडी लावू नका, धागा हेडमध्ये अडकतो. आवाजाचं हेड, कॅपस्टन आणि रिळाच्या वाटेतले लोखंडी खांब पुसायला मात्र काडी चालते.
• रबरी रोलर किंचित साबणाच्या पाण्याने ओलसर केलेल्या कापडाने पुसून कोरडा करा. अल्कोहोलने रबर सुकतं.
• सगळं वाळायला अर्धा तास द्या.

नोट, कागद, पेट्रोल, अत्तर यांनी हेड पुसू नये. शिलाई मशीनचं किंवा खोबरेल तेल तर आत नकोच. ते पसरतं आणि रोलर घसरायला लागतो.

बिघाड ओळखा

सगळीकडे मुंग्या असतील तर हेड घाण आहे. वर किंवा खाली पट्टा हलत असेल तर ट्रॅकिंगचं बटण फिरवून बघा. आवाज दबका असेल तर आवाजाचं हेड पुसा. कॅसेट आत जात नाही किंवा बाहेर येत नाही, तर बहुधा पट्टा सैल झालाय किंवा जुनं ग्रीस घट्ट झालंय. अशा वेळी कॅसेट जोराने ओढू नका.

पावसाळ्यात मशीन गार खोलीतून दमट हवेत आणलं तर ड्रमवर दव धरतं आणि रीळ त्याला चिकटतं. दोन-तीन तास तसंच ठेवून मग चालू करा.

पहिली कॅसेट लग्नाची नको

साफ केलेल्या मशीनमध्ये आधी टाकाऊ कॅसेट लावा. जुन्या बाजारातून मशीन घेतलं असेल तर हे अगदी गरजेचं. अर्धा तास चालवा, पुढे-मागे करून बघा, बाहेर काढून रिळावर घडी किंवा ओरखडा पडलाय का तपासा. मगच घरची कॅसेट लावा. आधी ती एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन परत मागे आणा, म्हणजे चिकटलेली गुंडाळी सुटते.

आणि पहिल्याच वेळी रेकॉर्डिंग करून घ्या. व्हीसीआरच्या मागची पिवळी आणि पांढरी पिन यूएसबी कॅप्चरला जोडली की लॅपटॉपवर फाईल तयार होते. तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच लागतात. दुकानात देणार असाल तर मूळ कॅसेट परत मिळणार का आणि मशीन कधी साफ केलं, हे आधी विचारा. फाईलची एक प्रत घरी ठेवा, दुसरी लेकीकडे किंवा भावाकडे द्या. मूळ कॅसेट पूर्ण मागे फिरवून, उभी, कोरड्या कपाटात ठेवा. स्पीकरजवळ ठेवू नका, त्यातलं लोहचुंबक रेकॉर्डिंग बिघडवतं.